उजवीकडची फांदी

हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, त्या शीटवर दोन फांद्या होत्या. डावीकडची फुलांनी भरलेली, उजवीकडची फळांवर आलेली. मधे दोन बोटं मोकळी जागा, खाली कोपऱ्यात एकच लेबल आणि त्या लेबलवर तपकिरी पडलेल्या शाईत एकच नाव. दीडशेहून जास्त वर्षं त्या एकाच कागदावर शेजारी शेजारी चिकटून होत्या आणि तेवढ्या काळात ज्यांनी ज्यांनी ती शीट उघडली, त्या सगळ्यांनी त्यांना एकाच झाडाच्या फांद्या मानलं. मीही मानलं होतं. ती शीट तीन-चार वेळा माझ्या टेबलावर येऊन गेली होती. मग एका दुपारी पानाच्या पाठीवरची लव बघता बघता भिंग डावीकडच्या पानावरून उजवीकडच्या पानावर नेलं आणि हात तिथेच थांबला. डावीकडे चांदण्या होत्या. प्रत्येक केस म्हणजे एका बिंदूतून सहा-सात दिशांना फुटलेली टोकं, एकमेकांत गुंतून पानाच्या पाठीवर करडा थर धरलेली. उजवीकडेही लव होतीच, पण साधी, एकेरी, वाऱ्याने गवत आडवं व्हावं तशी एका दिशेने निजलेली. भिंग पुन्हा डावीकडे नेलं, पुन्हा उजवीकडे. दुसरं पान बघितलं, तिसरं बघितलं. फरक हलत नव्हता.

घडलं ते एवढंच. दोन वेगळ्या जातींच्या फांद्या एका शीटवर येणं ही जगावेगळी गोष्ट नाही. रानात फिरणारा माणूस एका दिवसात पन्नास-साठ वनस्पती गोळा करतो, टिपकागदांत दाबतो, गठ्ठे बांधतो. ते गठ्ठे बैलगाडीतून, मग जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करतात, आणि शेवटी ज्याने ते झाड कधी पाहिलेलंही नाही असा कुणीतरी दूरच्या शहरात बसून त्यातल्या फांद्या कागदावर चिकटवतो. पण ही शीट तशी कुठलीही शीट नव्हती. ती लाल फोल्डरमध्ये ठेवलेली होती, म्हणजे मूळ नमुना. त्या वनस्पतीला ज्याने नाव दिलं त्याने हीच शीट समोर ठेवून वर्णन लिहिलं होतं. मी ते वर्णन काढून पुन्हा वाचलं. लॅटिनमधल्या नऊ ओळी. पानं, मग फुलं, मग फळं. फुलं डाव्या फांदीची, फळं उजव्या फांदीची, आणि दोघांच्या मधे फक्त एक अर्धविराम.

त्या वर्णनातलं झाड पृथ्वीवर कधीच उगवलेलं नव्हतं.

त्या वनस्पतीचं नाव इथे लिहीत नाही. काम अजून छापून यायचं आहे, आणि अशा गोष्टी रीतसर छापल्या गेल्याशिवाय ठरत नाहीत. आधीच बोलून ठेवलं तर दुसऱ्यांचा गोंधळ होतो. पण त्या शीटने मला जे करायला लावलं ते मात्र सांगावंसं वाटतं. पुढचे कितीतरी दिवस ती शीट डोळ्यांसमोरून हलली नाही. चूक सापडल्याचा आनंद झाला असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. उलट तो नऊ ओळी लिहिणारा माणूस मला सारखा दिसत राहिला. कंदिलाच्या उजेडात, हातातल्या लहानशा भिंगाने, असे शेकडो गठ्ठे उपसताना. फुलांतले पुंकेसर त्याने मोजले होते, पाकळ्यांची लांबी घेतली होती. निष्काळजी माणूस हे करत नाही. त्याच्यासमोर जे ठेवलं गेलं त्यावर त्याने विश्वास ठेवला, इतकंच. मी तरी दुसरं काय करत आले होते?

हर्बेरियममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांत आधी लक्षात राहिला तो वास. डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या कागदाचा आणि त्याखाली कुठेतरी दबलेला सुक्या गवताचा. कपाटांच्या रांगा छतापर्यंत. तिथे आयुष्य घालवलेले एक काका होते, त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, "कपाट उघडल्या उघडल्या तोंड आत घालायचं नाही, ताई. जुन्या शीटांना पाऱ्याचं विष लावलेलं असतं." खरंच असतं. किडीपासून वाचवण्यासाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण या नमुन्यांवर फिरवत. काही कागदांवर त्याचे काळपट डाग अजून दिसतात आणि त्याची वाफ आजही थोडी थोडी सुटत असते. दुसरी गोष्ट, "शीट पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही." एक शीट उचलायची ती दोन्ही हातांनी, सपाट, आणि तशीच सपाट बाजूला ठेवायची. उलटी केली की शे-दीडशे वर्षं टिकलेली पाकळी गळून जाते आणि ती परत मिळत नाही. पुढे कळलं की शीटांचं स्कॅनिंग करायला जे यंत्र वापरतात तेही याच कारणासाठी उलटं बसवलेलं असतं: स्कॅनरची काच वर, तोंड खाली, आणि शीट हलक्या हाताने खालून वर नेऊन काचेला टेकवायची. यंत्राने उलटं व्हायचं, शीटने नाही. हे मला फार आवडलं होतं. अजूनही आवडतं.

नावाचं आणि नमुन्याचं नातं मात्र कळायला वेळ लागला. मला वाटायचं की नाव वर्णनाला चिकटलेलं असतं. अमुक लक्षणं असलेली ती अमुक वनस्पती. तसं नाही. नाव चिकटलेलं असतं एका नमुन्याला, ज्याला टाइप म्हणतात. वर्णन चुकीचं असो, अपुरं असो, पुढे कुणी त्या जातीचे दोन तुकडे करो की चार जाती एकत्र करो, जिकडे तो टाइप जाईल तिकडे नाव जातं. आणि गंमत बघा, टाइप त्या जातीचा उत्तम नमुना असावा अशी अटही नाही. खुरटलेली, किडीने खाल्लेली, एकच फूल उरलेली फांदी एखाद्या देखण्या वृक्षाचं नाव जगभर तोलून धरते. आज कुणी नवी वनस्पती प्रसिद्ध करतो तेव्हा त्याला टाइप सांगावाच लागतो. १९५८ पासून ते सक्तीचं झालं, आणि १९९० पासून तो नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे तेही लिहावं लागतं. पण वनस्पतींची नावं मोजायची ती १७५३ पासून, लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून. मधल्या दोनशे वर्षांत हजारो नावं पडली. ती देणाऱ्यांपैकी अनेकांनी आपण कुठल्या फांदीकडे बघून लिहितो आहोत हे सांगितलंच नाही. सांगण्याची रीतच नव्हती.

म्हणून मागाहून कुणालातरी निवड करावी लागते. मूळ लेखकाने जे जे पाहिलं असेल ते शोधायचं: शीटा, चित्रं, त्याच वेळी खुडलेल्या पण दुसऱ्या संग्रहात गेलेल्या जोडशीटा. त्यातली एक उचलायची आणि म्हणायचं, इथून पुढे हे नाव हिचं. या निवडीला लेक्टोटाइप म्हणतात. २००१ पासून नियम असा आहे की निवड करणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. लॅटिनमध्ये दोन शब्द, 'हिक् देसिग्नातुस'. 'येथे निर्देशित.' हे दोन शब्द ज्याने आधी छापले त्याची निवड पुढच्या सगळ्यांवर बंधनकारक होते. ती मूळ वर्णनाशी उघड विसंगत असल्याचं कुणी दाखवलं तर मोडता येते, आवडली नाही म्हणून नाही. मी हे दोन शब्द दुसऱ्यांच्या लेखांत कितीतरी वेळा वाचले होते. ते स्वतः लिहायची वेळ येईपर्यंत त्यांचं वजन कळलं नव्हतं.

लिनिअसच्या नावांचं काय झालं ते बघितलं की या कामाला किती माणसं आणि किती वर्षं लागतात ते कळतं. १७७८ मध्ये तो गेला, पाच वर्षांनी मुलगाही गेला, आणि लिनिअसच्या बायकोने सगळा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या वैद्यक शिकणाऱ्या तरुण इंग्रजाला विकला. तो आज लंडनमध्ये लिनियन सोसायटीकडे आहे, वनस्पतींचे सुमारे १४,००० नमुने. पण तिथे शीट आहे म्हणजे तीच टाइप असं म्हणून चालत नाही. १७५३ नंतर आलेली शीटही लिनिअस त्याच नावाखाली ठेवायचा. मग लेबलवरचं अक्षर कुणाचं, कागद कुठला, त्याने ग्रंथातला जातीचा क्रमांक शीटवर लिहिला आहे का, हे सगळं पाहावं लागतं, कारण क्रमांक असेल तर ग्रंथ लिहिताना ती बहुधा त्याच्या हाताशी होती. श्रीलंकेच्या वनस्पती त्याने पाहिल्या त्या पाउल हर्मन या डच कंपनीच्या डॉक्टरने १६७० च्या दशकात गोळा केलेल्या खंडांत. मलबारच्या पाहिल्या त्या तिथला डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात छापवून घेतलेल्या बारा खंडांतल्या चित्रांत. त्यांच्या शीटाच नाहीत, म्हणून आपल्या ओळखीच्या कितीतरी झाडांच्या नावांचा टाइप म्हणजे एक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र आहे. लिनिअसची नऊ हजारांहून जास्त नावं एकेक करून अशी तपासायचं काम लंडनमध्ये १९८१ मध्ये सुरू झालं आणि त्याचं फळ २००७ मध्ये छापून आलं. सव्वीस वर्षं. त्यात ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांच्यापैकी कितीजणांना असंच एखादं पान रात्री डोळ्यांसमोर दिसत राहिलं असेल, असं मला आता वाटतं.

सीतेचा अशोक मी 'सराका इंडिका' म्हणून शिकले. पुस्तकात तेच, झाडाच्या पाटीवर तेच, औषधी वनस्पतींच्या याद्यांतही तेच. इंडिका हे नाव लिनिअसने १७६७ मध्ये दिलं. पण ज्या फांदीवर दिलं ती जावाची होती. त्या काळच्या युरोपीय माणसाची 'इंडिया' पार पूर्वेच्या बेटांपर्यंत पसरलेली. जावातला तो वृक्ष अशोकाचा जवळचा भाऊ, पण अशोक नव्हे. १९६० च्या दशकात हॉलंडमधल्या अभ्यासकांनी हा सगळा वंश मुळापासून तपासला तेव्हा हे उघड झालं आणि 'इंडिका' जावाच्या झाडाकडे गेलं. मग आपल्या अशोकाला काय म्हणायचं? तर ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने अठराव्या शतकाच्या शेवटी त्याला संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याच्या स्मरणार्थ 'जोनेशिया असोका' म्हटलं होतं. वंशाचं नाव 'सराका' आधीचं म्हणून जोनेशिया गेलं, पण 'असोका' उरलं. आज त्याचं नाव सराका असोका. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले होते. पाठ केलेलं नाव बदललं की आपली काहीतरी वस्तू कुणी उचलून नेली असं वाटतं. आता वाटतं की उलट झालं. दोनशे वर्षं दुसऱ्याच्या नावाने हाक मारल्यावर त्या झाडाला त्याचं स्वतःचं, इथल्या लोकांनी ठेवलेलं नाव परत मिळालं, आणि ते मिळालं ते कुणाच्या अभिमानातून नाही, एका परक्या बेटावरच्या फांदीकडे नीट बघितल्यामुळे.

सगळेच बदल असे मनाला पटत नाहीत, हेही सांगायला हवं. बाभळीचं मला अजून वाईट वाटतं. अकेशिया या नावाचा टाइप मुळात आपल्याकडची आणि आफ्रिकेतली बाभूळच होती. पुढे हा अवाढव्य वंश फोडायची वेळ आली, आणि नियम सरळ लावला असता तर ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींना नवी नावं द्यावी लागली असती. म्हणून २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्नाच्या परिषदेत टाइपच बदलायचं ठरलं, एका ऑस्ट्रेलियन जातीला तो मान दिला गेला, आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. बाभूळ झाली वाशेलिया निलोटिका. खैर गेला सेनेगालियात. यामागची अडचण मला समजते. हजार नावं बदलण्यापेक्षा थोडी बदललेली बरी. तरीही, ज्या काटेरी झाडावरून ते नाव जगात आलं त्याच्याकडूनच ते काढून घेतलं गेलं, आणि तेही शीट बघून नाही, मतं मोजून. कामाच्या यादीत वाशेलिया लिहिताना आजही माझा पेन क्षणभर अडतो.

आणि ज्यांचं नावच राहिलं नाही, त्यांचं काय? कंपनीचा सर्जन रॉबर्ट वाइट याने दक्षिण भारतातल्या वनस्पतींची शेकडो चित्रं छापली. त्यातली बरीचशी काढली रुंगिया आणि गोविंदू या दोन चित्रकारांनी. रॉक्सबर्गने करवून घेतलेली अडीच हजारांवर चित्रं कोलकात्यात आहेत, त्यांची एक प्रत लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आहे, आणि जिथे शीट उरली नाही तिथे ही चित्रंच टाइप म्हणून उभी राहतात; पण ती काढणाऱ्या बहुतेक हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. वाइटने निदान आपल्या चित्रकारांची लिहिली. एवढंच नाही, एका ऑर्किडच्या वंशाला त्याने 'गोविंदूइया' हे नाव दिलं. माझ्या माहितीतल्या सगळ्यांत सुंदर नावांपैकी ते एक. पण ती वनस्पती ट्रॉपिडिया या आधीच नाव मिळालेल्या वंशातली निघाली. आधीचं नाव जिंकतं. गोविंदूइया गेलं समानार्थी नावांच्या यादीत, बारीक अक्षरांत. नियम बरोबर आहे, तो तसाच असायला हवा, आणि तरीही त्या यादीतून बोट फिरवताना मी त्या ओळीवर थोडी थांबते.

शीट नाहीशी झाली तर काय होतं, याचं उत्तर बर्लिनमध्ये आहे. १ मार्च १९४३ च्या रात्री विमानांतून बॉम्ब पडले आणि तिथल्या डाहलेम भागातल्या हर्बेरियमला आग लागली. चाळीस लाखांच्या आसपास नमुने होते, त्यातले बहुतेक जळून गेले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, न्यू गिनी, कुठकुठल्या हजारो नावांचे टाइप त्यात होते. पण त्याआधी, १९२९ पासून, शिकागोच्या फील्ड म्युझियमचा जे. फ्रान्सिस मॅकब्राइड नावाचा माणूस युरोपात संग्रहांमागून संग्रह फिरत टाइप शीटांचे फोटो काढत होता. शीटला पट्टी लावायची, क्रमांक ठेवायचा, फोटो घ्यायचा, पुढची शीट. दहा वर्षांत चाळीस हजारांवर निगेटिव्ह जमले. युद्ध होईल आणि यातल्या कितीतरी शीटांचे फोटोच उरतील असं मनात धरून त्याने ते केलं नव्हतं. दूरच्या लोकांना टाइप बघता यावेत, एवढाच हेतू. त्यातले काही फोटो मी पाहिले आहेत. काळ्या-पांढऱ्या छायेत एक फांदी, बाजूला पट्टी, कोपऱ्यात शिक्का. जोडशीट दुसरीकडे कुठे असेल तर आज तिला लेक्टोटाइपचा मान मिळतो. नसेल तर तो फोटो बघून दुसरा पर्याय शोधतात. आज जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून जवळपास चाळीस कोटी नमुने. आकडा मोठा आहे. पण एका नावापुरतं बोलायचं तर कधीकधी सगळी भिस्त एकाच फांदीवर असते.

माझ्या शीटकडे परत आले ती परवानगी हातात घेऊन. शीटवर डाव्या बाजूला कागदाची घडी घातलेली एक लहानशी पुडी चिकटवलेली होती. गळून पडलेले तुकडे जपायला अशा पुड्या लावतात. तिच्यात पानांचा चुरा होता, एक तडकलेलं फळ होतं आणि तीन सुट्या कळ्या होत्या. टाइप नमुन्याला सहसा हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिन्हींपैकी एक कळी उकळून बघायची परवानगी सरांनी बऱ्याच विचारानंतर दिली. "एकच," ते म्हणाले. "आणि बघून झाली की परत पुडीत. वाळवून." मी उथळ काचेत पाणी तापवलं, साबणाच्या द्रावणाचा एक थेंब टाकला आणि चिमट्याने ती कळी सोडली. सुरुवातीला ती तरंगत राहिली, काळी, मिरीएवढी. मग तिच्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, पाण्याला तांबूस रंग आला आणि ती हळूहळू फुगत तळाशी गेली. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी खुडलेली कळी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी पाकळ्या सोडवल्या तेव्हा त्या मऊ होत्या, ओल्या कापडासारख्या, आणि आत पुंकेसर ठेवल्यासारखे रांगेत होते. परागकोष अजून फुटलेले नव्हते. ही कळी उमलायची राहून गेली होती. मधोमध अंडाशय, आणि त्यावर पांढरी दाट लव. मी डोळा काढला, पुन्हा लावला. तीच चांदणीसारखी लव, पानाच्या पाठीवर होती तशी.

वर्णनात लिहिलं होतं, अंडाशय दाट लवेचा. पुंकेसरांची संख्या जुळत होती, पाकळ्यांचं माप जुळत होतं. फुलावर त्या माणसाने चार ओळी खर्च केल्या होत्या आणि फळावर फक्त चार शब्द. मिश्र नमुना निघाला तर नाव त्यातल्या कुठल्या भागाकडे राहतं याचा नियम आहे: मूळ वर्णनाशी जो भाग सगळ्यांत जास्त जुळतो त्याच्याकडे. त्या नियमाने बघितलं तर शंका उरत नव्हती. शिवाय आजवर सगळे ज्याला त्या नावाने ओळखत आले ती वनस्पती डाव्या फांदीचीच होती. नाव हलणार नव्हतं, कुणाच्या पाटीवर काही खोडायला लागणार नव्हतं. सगळं जागच्या जागी राहणार होतं. इतकं सरळ असूनही मी आणखी दोन आठवडे घेतले. सरांनी एकदा विचारलं, "अडलंय कुठे?" मी म्हटलं, "उजवीकडची फांदी कुणाची ते कळत नाहीये, सर." ते शीटकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ते या नावाचं काम नाही. पण तुझं आहे, हे खरं."

मी शोधलं. पानांवरून वंश कळत होता, त्यापुढे नाही. त्या वंशात जाती ठरतात त्या फुलांवरून, आणि या फांदीवर फूल एकही नव्हतं, फक्त फळं, तीही अर्धी कच्ची. ती जिथून आली तिथे पुन्हा जाऊन बघावं तर लेबलवर पत्ता नव्हता. त्या काळच्या भारतातून गेलेल्या शीटांवर अशी छापील लेबलं पुष्कळ दिसतात. 'मलबार, कोकण वगैरे' हे ठिकाण, आणि गोळा करणारे 'स्टॉक्स, लॉ वगैरे'. अनेक माणसांचे गठ्ठे एकत्र आले, वेगवेगळी लेबलं छापायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांना एकच लेबल लागलं. त्या 'वगैरे'मध्ये डोंगर आहेत, घाट आहेत, ज्यांची नावं उरली नाहीत अशी माणसं आहेत. माझ्या शीटवरचं लेबल याहून फार वेगळं नव्हतं. एक मोठा प्रदेश, आणि त्यापुढे काही नाही. डावी फांदी कुणी खुडली, उजवी कुणी खुडली, एकाच दिवशी की दोन पावसाळ्यांच्या अंतराने, एकाच ओढ्याकाठी की शंभर कोसांवर, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

लेख छापायला गेला तेव्हा त्यात मी लिहिलं: लेक्टोटाइप, येथे निर्देशित, डावीकडची फुलांची फांदी. एवढं एकच वाक्य महत्त्वाचं, बाकी त्याची कारणं. दुसऱ्या दिवशी शीट पुन्हा टेबलावर घेतली. चिठ्ठी लावताना आधीची चिठ्ठी काढायची नाही, झाकायची नाही, ही पद्धत आहे. जो जो येतो तो आपलं मत आपल्या नावानिशी खाली लावतो आणि आधीच्याचं तसंच राहू देतो, चुकलेलं असलं तरी. माझ्या आधीच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक टाकाच्या शाईतली, एक टाइपरायटरवर छापलेली. त्यांच्या खाली मी डाव्या फांदीची चिठ्ठी लावली, नाव, लेक्टोटाइप, तारीख. कळी वाळवून पुडीत परत ठेवली होती. पुडीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलं.

मग उजवीकडच्या फांदीसाठी दुसरी चिठ्ठी घेतली. वंशाचं नाव लिहिलं आणि त्यापुढे, जिथे जातीचं नाव येतं तिथे, फक्त 'स्पीशीज'. खाली 'फुलं नाहीत' आणि तारीख. कुठल्या फांदीबद्दल बोलते आहे ते कळावं म्हणून पेन्सिलीने एक छोटा बाण काढला. चिठ्ठी फांदीच्या बुडाशी लावताना ती मुद्दाम जरा वर घेतली आणि खाली आणखी एका चिठ्ठीपुरती जागा मोकळी सोडली. गोंद वाळेपर्यंत तिथेच बसले. मग शीट दोन्ही हातांनी उचलली, सपाट, आणि लाल फोल्डरमध्ये ठेवली.